रात्रीचा बॅकअप आणि एका ओळीतली अट

आमच्याकडून बॅकअपची स्क्रिप्ट बसवून घेतलेल्या दुकानदारांसाठी

रोज रात्री तुमच्या कॉम्प्युटरवर जी फाइल चालते, तिच्यात अशी एक ओळ आहे (आदेश इथे उच्चाराप्रमाणे आणि थोडक्यात छापलेत, फाइलमध्ये ते रोमनमध्येच असतात):

इफ एक्झिस्ट ई:\खाते कॉपी आजचा ई:\खाते & डेल जुना

पेन ड्राइव्हवर 'खाते' फोल्डर सापडलं तर आजचा हिशेब तिथे उतरव आणि कॉम्प्युटरमधली जुनी प्रत पूस, एवढाच तिचा अर्थ. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये & च्या पुढचा आदेशसुद्धा अटीच्याच ताब्यात राहतो. पेन ड्राइव्ह लावायचा राहिला, तर दोन्ही कामं होत नाहीत आणि जुनी प्रत शाबूत राहते.

इंदूरच्या सियागंजातल्या एका पेढीवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स बसवलं, तेव्हा हीच ओळ आमच्याच माणसाने घाईत अशी लिहिली:

[ -डी /खाते ] && सीपी आजचा /खाते ; आरएम जुना

दिसायला जुळी भावंडं. पण शेलमध्ये, म्हणजे लिनक्सचे आदेश चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अर्धविराम आला की अटीचा अंमल तिथेच संपतो, पुढचा आदेश काहीही झालं तरी चालतो. त्या रात्री शेठजी पेन ड्राइव्ह घरी विसरले. कॉपी झाली नाही, जुनी प्रत मात्र गेली. चालू हिशेब मशीनमध्ये होता म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी आमची होती. हे पत्रक त्यातूनच निघालं.

बरं, विंडोजचा & उचलून तसाच लिनक्समध्ये ठेवला तर? तिथे तो आधीच्या आदेशाला मागे चालत ठेवतो आणि न थांबता पुढचा सुरू करतो. सराफ्यात एकाच ओट्यावर दिवसा सोनं आणि रात्री जिलेबी, तसं हे चिन्ह.

आमच्या जुन्या ओळीतही एक खोट होती. & ला कॉपी नीट झाली की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. पेन ड्राइव्ह भरलेला असला तरी डेल चालणारच. म्हणून नव्या फाइलींत आम्ही && लावतो: कॉपी साधली तरच पुसायचं.

ज्यांची मुलं पायथॉन किंवा पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकतात, त्यांच्यासाठी एवढंच: पायथॉनमध्ये अटीच्या ओळीवर अर्धविरामाने जोडलेलं सगळं अटीखाली येतं, पीएचपीत महिरपी कंस नसेल तर फक्त पहिलं वाक्य. एक्सेलच्या मॅक्रोत 'देन'नंतर त्याच ओळीवर कोलनने जोडलेले आदेश सगळे अटीखालीच.

फाइलमध्ये स्वतः बदल करायचाच असेल, तर ओळी जोडू नका. इफच्या ओळीवरच कंस उघडा, प्रत्येक आदेश वेगळ्या ओळीवर लिहा, मग कंस बंद करा. 'एल्स' (म्हणजे 'नाहीतर') तर कंसाशिवाय लिहूच नका. 'एको' म्हणजे पुढचा मजकूर पडद्यावर छाप. एकाने अटीपुढे 'एको झाला एल्स एको नाही' असं लिहिलं होतं, तर पडद्यावर 'झाला एल्स एको नाही' हे जसंच्या तसं उमटलं!

बदल केल्यावर डेलच्या आधी 'एको' लिहून, पेन ड्राइव्ह काढून एकदा चालवा. मग काही पुसलं जात नाही, आदेश फक्त पडद्यावर छापला जातो. पेन ड्राइव्ह नसताना डेलची ओळ उमटली, तर फाइल घेऊन या. रामबागेतल्या आमच्या दुकानात संध्याकाळी ७ पर्यंत कुणी ना कुणी असतं, आणि नुसतं बघून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही.