एआरएआयच्या आकड्याने डिझेलचं बजेट बसत नाही

'महिन्याचे किलोमीटर भागिले एआरएआयचं मायलेज, गुणिले दर' हा हिशेब वर्षानुवर्षं फिरतोय. पण एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था, आणि तिची मायलेजची चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांनी होते. तिथे घाट नाही की सिग्नल नाही.

खरा आकडा टाकी-टू-टाकी काढा. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, ४०० किमीनंतर त्याच पंपावर तसंच भरा. झालेले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लीटर, हे खरं मायलेज. डिझेलला फेस येतो, त्यामुळे वरून कोंबत बसलात की हिशेब बिघडला.

१,२०० किमीला एआरएआयच्या, समजा १५च्या मायलेजने ८० लीटर, खऱ्या, समजा ११च्या मायलेजने १०९. ९० रुपये दर धरला तर फरक सुमारे २,६०० रुपये!

आणि 'फोर-बाय-फोर म्हणून जास्त पिते' हे अर्धंच खरं. पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे जिथे फोर-बाय-फोर हवं तेव्हाच लावता येतं, टू-एचवर (नेहमीच्या, दोन चाकांच्या मोडवर) पुढच्या चाकांना ताकद जात नाही. वजन आणि ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यावरही चालणारे) टायर मात्र कायम सोबत असतात.