घरगुती विमान सिम्युलेटर कॉकपिट

विमानाच्या वैमानिक कक्षाची घरातील खोलीत, तळघरात किंवा गॅरेजमध्ये उभारलेली कार्यक्षम प्रतिकृती. तिच्यातील दांडे, पेडल, खटके, दिवे व दर्शक संगणकावरील उड्डाण सिम्युलेटरला जोडलेले असतात. मेजाला जॉयस्टिक अडकवून विमान उडवणे या संज्ञेत सहसा धरत नाहीत. नियंत्रणे विमानातल्याच जागी व विमानातल्याच आकारमानाची असावीत, एवढी किमान अट मानली जाते. एखाद्या ठरावीक विमानाची हुबेहूब प्रतिकृती आणि कोणत्याच विमानाशी न बांधलेले सर्वसाधारण कॉकपिट असे तिचे दोन प्रकार आहेत. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे.

इतिहास : जमिनीवर राहून उड्डाण शिकवणाऱ्या पहिल्या यंत्राचा मान कोणाला द्यायचा, याविषयी एकमत नाही. फ्रान्समधील आंत्वानेत विमानांच्या शिक्षणासाठी सु. १९०९-१० मध्ये वापरलेले ‘पिंप’ बहुतेक ग्रंथांत प्रथम येते. एकावर एक ठेवलेल्या दोन अर्ध्या पिंपांत शिकाऊ वैमानिक बसे, मदतनीस ते हाताने हलवत आणि चाके फिरवून समोरची दांडी क्षितिजाशी जुळती ठेवणे हे शिकाऊ वैमानिकाचे काम असे. इंग्लंडमधील सँडर्स यांचे यंत्र (१९१०) सांध्यावर तोललेले विमानच होते. ते वाऱ्याकडे तोंड करून ठेवत. वारा पडला की त्या दिवसाचा धडा बुडे. काही लेखक सँडर्स यंत्रालाच खरा आरंभ मानतात, कारण त्यात दांडा हलवल्याचा परिणाम माणसाच्या मध्यस्थीशिवाय होत असे. हा मुद्दा वजनदार आहे. तथापि नियंत्रणाला कृत्रिम प्रतिसाद देणारे, बंद खोलीत चालणारे यंत्र हा निकष लावला, तर दोन्ही मागे पडतात आणि एडविन लिंक (१९०४–८१) यांचे नाव पुढे येते.

लिंक यांच्या वडिलांचा अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन व पियानोंचा कारखाना होता. ऑर्गनमधील भाते, झडपा व हवेचे पंप वापरून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास आपले यंत्र सिद्ध केले. पेटंटची मंजुरी १९३१ ची. आरंभी हे यंत्र जत्रेतल्या करमणुकीसाठी अधिक खपले. १९३४ मध्ये हवाई टपाल वाहून नेताना अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांचे खराब हवेत अपघात झाले, तेव्हा सैन्याने अशी सहा यंत्रे घेतली आणि लिंक यांचा जम बसला. हे यंत्र त्यांनी कारखान्याच्या तळघरात जुळवले, म्हणून हौशी बांधकाम करणारे त्यांना आपला मूळपुरुष मानतात. भावना समजण्यासारखी असली, तरी घरगुती कॉकपिटचे खरे साम्य कर्टिस-राइट कंपनीने पॅन अॅम विमानसेवेसाठी केलेल्या बोइंग स्ट्रॅटोक्रूझर सिम्युलेटरशी (१९४८) अधिक आहे. त्याला ना हालचाल होती, ना खिडकीबाहेरचे दृश्य. होता तो पूर्ण कक्ष आणि त्यातील प्रत्येक दर्शकाचे बिनचूक वागणे. तेवढ्यावर विमानसेवेचे काम भागले, ही गोष्ट पुढे हालचालीच्या मंचाचा विचार करताना लक्षात ठेवावी लागते.

घरगुती शाखेचा आरंभ व्यक्तिगत संगणकाच्या पूर्वी नेता येत नाही. ब्रूस आर्टविक यांचा ॲपल टू संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटर कुठे १९७९ चा, तर कुठे १९८० चा सांगितला जातो. आयबीएम पीसीसाठीची मायक्रोसॉफ्टची आवृत्ती १९८२ ची. पण प्रतिकृतीला नुसता कार्यक्रम पुरत नाही. कार्यक्रमातील आकडे बाहेर काढण्याची आणि बाहेरचे आत घालण्याची वाट लागते. त्या दृष्टीने यूएसबी जोडणी (१९९६), एक्स-प्लेन हा सिम्युलेटर (१९९५), मुक्त स्रोताचा फ्लाइटगिअर सिम्युलेटर (१९९७), आर्डुइनो हे छोटे नियंत्रक मंडल (२००५) व मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरशी आकड्यांची देवाणघेवाण करणारा सिमकनेक्ट हा दुवा (२००६) हे टप्पे महत्त्वाचे. आजच्या अर्थाचे घरगुती कॉकपिट १९९५ ते २०१० या काळात आकारास आले असे मानणे सयुक्तिक ठरेल.

विमानाची निवड : बोइंग ७३७ व एअरबस ए३२० यांच्या प्रतिकृती सर्वाधिक आढळतात. निवड आवडीवर होते. यंत्ररचनेच्या बाजूने पाहता ए३२० सोपे आहे. त्याची साइडस्टिक (आसनाच्या बाजूची नियंत्रणदांडी) खऱ्या विमानातही स्प्रिंगच्याच जोरावर मध्याला येते, दोन वैमानिकांच्या स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि स्वयंचलित थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) चालू असताना थ्रस्टचे दांडे जागचे हलत नाहीत. ७३७ मध्ये दोन्ही योक (वैमानिकांसमोरील नियंत्रणचक्रे) यांत्रिक दुव्याने एकत्र हलतात, ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा रेटा आपोआप राखणारी यंत्रणा) दांडे स्वतः पुढेमागे सारतो आणि ट्रिमचे (विमानाचा तोल जुळवण्याचे) चाक खडखडत फिरते. ही तीनही कामे करायची तर मोटारी, क्लच व पट्टे आले. ७३७ च्या वरच्या पॅनेलवरील खटक्यांची दाटी अनेकांना आधी भिववते, परंतु खटके हा वेळेचा प्रश्न असतो. खरी परीक्षा मधल्या पेडेस्टलमध्ये, म्हणजे दोन आसनांमधील दांड्यांच्या चौथऱ्यात, होते.

मोजमापे : सर्व मापे वैमानिकाच्या डोळ्यांच्या नियत बिंदूपासून घ्यावीत. खऱ्या विमानात आसन पुढेमागे व वरखाली करून डोळे या बिंदूवर आणतात. तेथून पॅनेलची वरची कड, खिडकीची चौकट व बाहेरचा रनवे यांचा मेळ बसतो. जमिनीपासून मापे घेतलेल्या कॉकपिटमध्ये प्रत्येक पॅनेल बरोबर असूनही रनवे पॅनेलआड जातो. पेडेस्टल व वरच्या भागातील पॅनेल मानक रुंदीची, ५.७५ इंच म्हणजे सु. १४६ मिमी. असतात. ती ज्या पट्ट्यांवर झूस फिरकीने (पाव फेऱ्यात बसणाऱ्या स्क्रूने) बसतात, त्यांवरील भोके ३/८ इंच (९.५२५ मिमी.) अंतरावर असतात, म्हणून पॅनेलची उंचीही त्याच पटीत येते. हे अंतर ‘सोयीसाठी’ १० मिमी. धरले, तर दहाव्या भोकापर्यंत जवळपास ५ मिमी.ची तफावत साचते. लहान विमानांच्या गोल दर्शकांसाठी ३ १/८ इंच (सु. ७९ मिमी.) व २ १/४ इंच (सु. ५७ मिमी.) ही दोन छिद्रे प्रचलित आहेत.

सांगाडा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी), प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमच्या खाचेदार पट्ट्यांचा करतात. तो खोलीच्या दारातून बाहेर निघेल अशा तुकड्यांत विभागावा, हे सांगण्याची गरज वाटू नये. तरी ते वारंवार सांगावे लागते.

नियंत्रणांचे अंतरंग : वैमानिकाला नियंत्रण डोळ्यांआधी हाताने कळते. मोठ्या विमानांच्या प्रमाणनाचे नियमही लँडिंग गिअरच्या (विमानाच्या चाकांच्या) मुठीला चाकाचा आणि फ्लॅपच्या (पंखाच्या मागील झडपांच्या) मुठीला पंखाचा आकार सांगतात. ७३७ च्या गिअरचा दांडा आधी आपल्याकडे ओढून मगच खाचेतून सरकतो. दोन सूक्ष्म खटक्यांवर सरळ वरखाली होणारा दांडा बसवला तर संगणकाला फरक कळत नाही, हाताला मात्र पहिल्याच दिवशी कळतो.

खटके संगणकाला जोडताना प्रत्येकाला स्वतंत्र तार देणे परवडत नाही. सहा ओळी व सहा स्तंभ अशा जाळीत १२ तारांवर ३६ खटके वाचता येतात. मात्र जाळीच्या चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी दाबलेले असले, की चौथा न दाबताही दाबल्यासारखा दिसतो. कीबोर्डवर हे क्वचित घडते. कॉकपिटमध्ये मात्र डझनावारी खटके तासन्‌तास चालू राहतात, तेथे हा भुताटकीचा खटका हमखास येतो. प्रत्येक खटक्यामागे १एन४१४८ सारखा एक डायोड लावला की तो नाहीसा होतो.

दांड्यांची स्थिती पोटेन्शिओमीटरने (फिरवला की विद्युत्‌रोध बदलणाऱ्या घटकाने) किंवा हॉल संवेदकाने (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या) मोजतात. पोटेन्शिओमीटर स्वस्त, पण घासून त्याचा आकडा थरथरू लागतो. हॉल संवेदकात घासणारा संपर्कच नसतो. हा संकेत आकड्यांत बदलणारा १२ बिटांचा परिवर्तक ४,०९६ पायऱ्या देतो खरा, परंतु २७० अंश फिरणारा पोटेन्शिओमीटर दांड्याबरोबर ६० अंशच फिरत असेल, तर हाती ९१० च्या आसपास पायऱ्या उरतात. त्यासाठी मध्ये दातेरी चाके घालून फेरा वाढवतात.

सर्वांत चिवट अडचण स्थितीच्या विसंवादाची आहे. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा त्याच्या लेखी इंधनाचे पंप बंद असतात आणि पॅनेलवरचे खटके काल रात्री सोडले तसे चालू. ‘खटका दाबला की अवस्था उलट कर’ अशी आज्ञा दिली असेल, तर येथून पुढे सारेच उलटे चालते. म्हणून खटक्याच्या दोन्ही स्थितींना दोन वेगळ्या, निःसंदिग्ध आज्ञा द्याव्यात आणि आरंभी सर्व खटके एकदा वाचून घ्यावेत. उंची व वेग निवडण्याच्या गुंड्यांना हा दोष लागत नाही, कारण त्यामागचा एन्कोडर आपण कुठे आहोत हे सांगत नाही. किती खाचा व कोणत्या दिशेने फिरलो एवढेच सांगतो. ७३७ चा ऑटोथ्रॉटल सज्ज करण्याचा खटका याहून नाठाळ आहे. तो वर ढकलल्यावर विद्युत्‌चुंबकाने धरलेला राहतो आणि ऑटोथ्रॉटल सुटला की आपोआप खाली पडतो. तो आदानही आहे आणि प्रदानही.

मोडीत निघालेल्या विमानांचे खरे भाग वापरण्याचा मोह अनेकांना होतो. पॅनेल, मुठी व आसने यांच्या बाबतीत तो योग्यच. दर्शकांचे तसे नाही : जुने दर्शक ४०० हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती विजेवर व सिंक्रो या कोनवाहक यंत्रणेवर चालतात, नंतरचे ३२ बिटांच्या शब्दांत बोलणाऱ्या एआरआयएनसी ४२९ या प्रणालीवर. दोन्हींसाठी दुभाषी मंडले लागतात. फार जुन्या तबकड्यांवरील चमकता रंग रेडियमचा असू शकतो. रंगाची चमक विझते, किरणोत्सर्ग विझत नाही. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सु. १,६०० वर्षे आहे. अशी तबकडी उघडू वा खरवडू नये.

दृश्य : विमानातून दिसणारे जग जवळजवळ अनंत अंतरावर असते, पडदा मात्र दोन-तीन मीटरवर. एकट्या वैमानिकासाठी ही तफावत सुसह्य आहे. दोघे शेजारी बसले की ती उघडी पडते. दोघांच्या डोळ्यांत १ मी. अंतर व पडदा २ मी. दूर असेल, तर डावीकडच्याला नाकासमोर दिसणारा रनवे उजवीकडच्याला सु. २७ अंश डावीकडे दिसतो. चित्राचा केंद्रबिंदू मध्यावर घेतला तर चूक दोघांत वाटली जाते, प्रत्येकी सु. १४ अंश. व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये मोठ्या वक्र आरशातून किरण समांतर करून हा दोष घालवतात. घरात ते क्वचितच साधते. वक्र पडदा, तीन प्रोजेक्टर व त्यांच्या कडा एकमेकींत विरघळवणारी प्रणाली ही प्रचलित तडजोड होय.

हालचाल : सहा पायांच्या मंचाला रूढीने ‘स्ट्यूअर्ट मंच’ म्हणतात. डी. स्ट्यूअर्ट यांचा निबंध १९६५ चा. त्यातील रचना मात्र आज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेपेक्षा वेगळी होती. सहा पायांचे यंत्र एरिक गॉफ यांनी टायरच्या चाचणीसाठी त्याच्या आधीच, बहुधा १९५०–६० च्या दशकाच्या मध्यास, चालू केले होते. क्लाउस कॅपल यांचा अमेरिकी पेटंटचा अर्ज १९६४ चा व मंजुरी १९६७ ची. तो स्वतंत्र शोध मानला जातो. ‘गॉफ-स्ट्यूअर्ट मंच’ हे जोडनाव त्यातल्या त्यात न्याय्य वाटते.

मंच काही सेंमी.च सरकतो, विमान मात्र मिनिटभर वेग घेते. म्हणून आरंभीचा झटका देऊन मंच हळूच मध्याला परततो आणि टिकाऊ प्रवेगाचा भास कक्ष मागे कलवून गुरुत्वाकर्षणाकरवी दिला जातो. १० अंशांच्या कलाने सु. ०.१७ जी (गुरुत्वप्रवेगाच्या ०.१७ पट) एवढा भास होतो. हा कल कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांना कळू नये, म्हणून तो सामान्यतः सेकंदाला ३ अंशांहून कमी गतीने देतात. हे गणित चुकले किंवा मंच दृश्याच्या मागे रेंगाळला, तर उड्डाणाऐवजी मळमळ पदरी पडते. या कारणाने घरात स्थिर कॉकपिट व आसनाखाली कंपन देणारे एखादे साधन, एवढ्यावर थांबणे बहुधा शहाणपणाचे.

नियंत्रणांना जाणवणारा जोर ही त्याहून दुर्लक्षित बाजू आहे. लहान विमानात वेग वाढला की दांडा जड होतो आणि ट्रिम फिरवला की जोर न लावता दांडा जेथे राहतो ती जागाच सरकते. स्प्रिंगच्या योकमध्ये यांपैकी काहीच घडत नाही. मोटारीने जोर देणारी नियंत्रणे महाग पडतात, तरी मंचावर होणारा खर्च त्यांच्याकडे वळवल्यास फळ अधिक मिळते.

मान्यता : अमेरिकेच्या विमानचालन नियमांतील भाग ६० मध्ये पूर्ण सिम्युलेटरच्या ए ते डी अशा चार पातळ्या आहेत. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तपासणी होते आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. अधिकृत मान्यतेविना घरगुती कॉकपिटमधील तास वैमानिकाच्या लॉगबुकात उड्डाणशिक्षण म्हणून धरले जात नाहीत, मग पॅनेलवरचा प्रत्येक स्क्रू खऱ्या विमानातून आलेला का असेना.