रिप्लिका बॅयोनेट, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायच्या संगिनीची नक्कल, बाहेरून मागवायचीय? कस्टम्सला कोणते कागद लागतात, कोण मागवू शकतं

आधी एक गैरसमज काढून टाका, की रिप्लिका आहे म्हणजे शोपीसच ना, कोण अडवणार. रिप्लिका हा शब्द आपल्या कलेक्टर लोकांचा, कस्टम्सवाला बघतो पातं: स्टीलचं आहे का, किती लांब आहे, धार एका बाजूला की दोन्हीकडे. देशोदेशी चालणाऱ्या एचएस कोडमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या मालाच्या वर्गवारीच्या आकड्यांमध्ये, संगिनीचं हेडिंग 9307, तलवारी-भाले पण त्यातच, आणि गंमत म्हणजे म्यानही त्यातच, त्यामुळे नुसतं रिकामं म्यान मागवलं तरी कोड हाच.

पात्रतेचं म्हणाल तर पहिला प्रश्न वयाचा. ब्रिटनमध्ये 18 वर्षांखालच्याला असं पातं विकताच येत नाही, बाहेरही बरेच विक्रेते वयाचा पुरावा मागतात. दुसरा प्रश्न परवान्याचा, आणि हा देशागणिक बदलतो. भारताच्या शस्त्र नियमांत तलवार, खंजीर यांच्यासोबत बॅयोनेटचं थेट नाव आहे, ऑस्ट्रेलियात दुधारी डॅगर आणायचा तर आधी परवानगी लागते. म्हणून पैसे भरायच्या आधी आपल्याकडच्या कस्टम्सला आणि पोलिसांच्या शस्त्र परवाना विभागाला ईमेल टाकून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर कोणी "चालतंय हो" म्हणालं त्याला काही किंमत नाही. परवाना लागत असेल तर तो पार्सल निघायच्या आधीच्या तारखेचा हवा, माल येऊन पडल्यावर पळापळ करून बहुतेक वेळा काही होत नाही.

आता कागद. ओळखपत्र, पत्ता, पेमेंटची पावती हे नेहमीचंच. खरा खेळ इन्व्हॉइसचा. विक्रेत्याला आधीच सांगा की वर्णनात "रिप्रॉडक्शन" लिही, कोणत्या मॉडेलची ते लिही, पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये, एकधारी की दुधारी, कशाचं बनलंय आणि कधी बनलं तेही लिही. मूळ देशाच्या रकान्यात हमखास घोळ होतो, संगीन ब्रिटिश पॅटर्नची म्हणून लोक ब्रिटन टाकतात, पण तिथे माल जिथे बनला तो देश लागतो, सैन्याचा नाही. पोस्टाने येत असेल तर पार्सलवर सीएन22 किंवा सीएन23 हा कस्टम्ससाठी माल जाहीर करायचा फॉर्म लागतो, जास्त किमतीच्या पार्सलला सीएन23, आणि त्यावरची किंमत पावतीशी जुळली पाहिजे. "गिफ्ट"वर टिक नको, "लेटर ओपनर" तर नकोच नको, स्कॅनरमध्ये 17 इंचाचं पातं दिसल्यावर ते कोण मानणार?

माझं स्वतःचं पार्सल अडकलं ते एका शब्दामुळे. पॅटर्न 1907ची रिप्लिका होती, ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलला लागते ती. विक्रेत्याने माझं भलं करायला म्हणून इन्व्हॉइसवर "अँटिक" लिहिलं. अँटिकचं हेडिंग वेगळं, 9706, आणि त्याला वस्तू 100 वर्षांपेक्षा जुनी लागते. वर कॉपी इतकी छान की मुठीजवळ पात्यावर मुकुट, 1907 आणि त्याखाली 1915 सालचा शिक्का! आता अधिकाऱ्याने काय समजायचं, कागद म्हणतो अँटिक, शिक्का म्हणतो 1915, किंमत मात्र नव्या मालाची. तीन आठवडे गेले. शेवटी जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याचं "ही नवीन बनवलेली आहे" असं सहीचं पत्र आणि स्केलपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो पाठवले तेव्हा सुटलं. तेव्हापासून हे तिन्ही मी ऑर्डरच्या दिवशीच मागून ठेवतो.

नोटीस आलीच तर त्यावरची मुदत आधी बघा, बाकी नंतर वाचा. साधारण कागद द्या, ड्युटी भरा, माल परत पाठवा किंवा सोडून द्या असे पर्याय असतात, आणि मुदत गेली की बऱ्याचदा शेवटचाच उरतो. उत्तर लेखी द्या, पार्सल नंबर टाकून.

स्वतः प्रवासात आणणार असाल तर केबिनमध्ये अजिबात नाही, म्यानात घालून, टोक नीट गुंडाळून चेक-इन बॅगेत, इन्व्हॉइसची प्रत हातात, आणि उतरल्यावर कस्टम्सला आपणहून दाखवायची. एअरलाइनला आधी विचारा, काही जण चेक-इनमध्येही नाही म्हणतात.

री-एनॅक्टमेंटसाठी, म्हणजे जुन्या लढाया पोशाख घालून साकारण्यासाठी, रबरी पात्याची घेताय तर वर्णनात "रबर" हा शब्द सगळ्यात आधी लिहायला सांगा, नाहीतर कागदावर नुसतं "बॅयोनेट" वाचून ती पण खऱ्या पात्याच्या रांगेत जाऊन बसते.