दहशतवादविरोधी अधिकार आणि कायद्याचे राज्य (मराठवाडा)

दहशतवाद व संघटित गुन्हेगारी मोडून काढण्यासाठी पोलिसांना दिलेले कोठडी, जामीनबंदी व फोन टॅपिंगचे जादा अधिकार आणि त्यांवर न्यायालयाने ठेवलेला लगाम. मराठवाड्याला जादा अधिकारांची ओळख जुनी आहे. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकामुळे जाहीर सभेलाही सरकारची परवानगी लागे.

आजचा मुख्य कायदा म्हणजे १९९९ चा ‘मोक्का’ (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा). त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो आणि आरोपपत्रासाठीची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. पण गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षकांची मान्यता लागते. फोन टॅपिंगचा आदेश एका वेळी ६० दिवसांपुरताच असतो आणि तो पुनर्विलोकन समितीपुढे जातो. टॅपिंगची ही कलमे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवली. खरा लगाम या मान्यतांच्या कागदांत आहे. खटल्यात बचावाचा वकील आधी तेच चाळतो.

औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड रस्त्यावर पाठलाग करून आरडीएक्स, एके-४७ रायफली व काडतुसे पकडली. निकाल लागायला २०१६ उजाडले. मुंबईच्या विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरले, ८ जणांना सोडले आणि मोक्काचे आरोप मात्र टिकू दिले नाहीत. शिक्षा झाल्या त्या यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) व इतर कायद्यांखाली. सुटलेल्यांपैकी ज्यांनी कोठडीत वर्षे काढली, त्यांना ती परत मिळण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही.

दुसरे उदाहरण माजलगावचे (जि. बीड). नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या बेमुदत आंदोलनाला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालील मनाई आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारण्यात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असे बजावले.

लोकभावना नेहमी लगामाच्या बाजूने असते असे मात्र नाही. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या (ता. केज) सरपंच हत्येनंतर ‘आरोपींना मोक्का लावा’ ही मागणी मोर्चांतूनच पुढे आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो लागलाही.