खोगीर बसतंय ना? घोडेमालकांसाठी थोडी माहिती

“पोटाखालून तंगाचा पट्टा आवळायला गेलं की घोडा चावायला येतो, जरा बघता का?” असा फोन आला की आम्ही खोगीर तपासणारे आधी घोड्याची पाठ बघतो, स्वभावाचं नंतर. कान मागे टाकणं, पाठ खाली दाबणं, उताराला अडणं, एकाच बाजूला वळायला कुरकुर करणं, यातल्या बऱ्याच खोडी दुखण्यातून आलेल्या असतात.

मापाचं घेतलेलं खोगीर कायम मापाचं राहत नाही, कारण घोडा बदलतो. पावसाळ्यात कामाला खळ पडला की पाठीचे स्नायू उतरतात, दिवाळीनंतर रोजचं काम सुरू झालं की भरतात. खोगिराच्या खालच्या गाद्यांतली लोकरही दबते, तिचे गोळे होतात. नवं खोगीर दोन-तीन महिन्यांनी एकदा दाखवा, मग दर सहा महिन्यांनी.

मधल्या काळात तुम्हीच बघा. नमदा (खोगिराखाली घालायची जाड घडी) न घालता खोगीर पाठीवर ठेवा. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो (मारवाडी घोड्यांचा चांगलाच वर असतो) त्याच्या आणि खोगिराच्या मध्ये दोन-तीन बोटं गेली पाहिजेत आणि स्वार बसल्यावरही तिथे टेकता कामा नये. दोन गाद्यांमधली फट पुढून मागपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी, कण्यावर भार नको. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात; शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर गेलं तर भार कमरेवर येतो, आणि तिथे आधाराला बरगडी नसते.

रपेट झाल्यावर घामाचा ठसा पाहा. सगळी पाठ ओली आणि मध्येच एक कोरडा डाग, म्हणजे तिथे दाब जास्त पडतोय किंवा गादी टेकतच नाहीये. काळ्या-तांबड्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर ती बहुधा जुन्या जखमेची खूण.

अशा वेळी बहुतेक जण आणखी एक नमदा घालतात. अरुंद खोगिराखाली जाड नमदा म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे. ही खोगीरभरती शब्दशः निरुपयोगी! उलट दाब वाढतो.

माथेरानच्या अश्वपालांना एक वेगळं सांगणं. पर्यटकांच्या गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून दर फेरीला स्वार नवा. कोणी पोर, कोणी नव्वद किलोचा, आणि बरेचसे एका अंगाला कललेले. त्यात लाल माती घामात मिसळली की नमद्याखाली पॉलिश पेपरचं काम करते. दोन नमदे आलटून-पालटून वापरा, आणि खरारा केल्याशिवाय खोगीर चढवू नका. पर्यटकाला ओट्यावरून बसवा. जमिनीवरून चढताना खोगीर डावीकडे ओढलं जातं, डाव्या रिकिबीचा (पाय ठेवायच्या कडीचा) पट्टाही लांबतो. दोन्ही पट्टे अधूनमधून अदलाबदल करा, नाहीतर स्वार वाकडाच बसणार.

स्वाराची कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर तेही सांगा. बैठकीचा सखल भाग मागे सरकला असेल तर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, पाय पुढे जातात.

कातडं रोज ओल्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा ग्लिसरीनचा साबण लावा. तेल अगदी बेताने, कारण जास्त झालं तर कातडं लिबलिबीत होतं आणि शिवण कुजते. भिजलेलं खोगीर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर बुरशी ठरलेली. तंगाच्या पट्ट्यांची शिवण मात्र दर स्वारीआधी ओढून बघा. ती धावत्या घोड्यावर सुटली तर स्वार खाली येतो.

आम्ही तपासायला येऊ त्या दिवशी घोडा कोरडा आणि साफ ठेवा, नेहमीचा स्वार हजर असू दे, आणि वापरातले सगळे नमदे बाहेर काढून ठेवा. फाटकेसुद्धा.