पार्श्वभूमी: नेफ्रॉप्सचं जाळं आणि त्यात सापडलेला कॉड

स्कॅम्पी, लँगुस्टीन, डब्लिन बे प्रॉन, नॉर्वे लॉब्स्टर ही चारही नावं एकाच जिवाची आहेत. शास्त्रीय नाव नेफ्रॉप्स नॉर्वेजिकस. आपल्या कोकणातल्या शेवंडाला नांग्या नसतात. याला लांब, सडपातळ नांग्या असतात, रंग फिकट नारिंगी. आइसलँडपासून भूमध्य समुद्रापर्यंत, जिथे तळाशी मऊ चिखल असेल तिथे तो बीळ करून राहतो.

आज तो महागड्या ताटात दिसतो, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटन-आयर्लंडच्या बहुतेक मच्छीमारांच्या लेखी तो जाळ्यात आलेला कचराच होता. डब्लिन बे हे नाव पडलं तेही डब्लिनच्या खाडीत थांबणाऱ्या बोटी आपल्याकडची ही बिनहिशेबी पकड तिथे विकून टाकत म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर गोठवण्याची सोय वाढली, ब्रिटनच्या पबमध्ये तळलेली स्कॅम्पी लोकप्रिय झाली आणि स्कॉटलंडच्या बोटी चिखलाकडे वळल्या.

इथून पुढची गोष्ट स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या क्लाइडच्या खाडीत नीट दिसते. तिथे 1889 मध्येच ट्रॉलिंगवर, म्हणजे तळावरून जाळं ओढत केलेल्या मासेमारीवर, बंदी आली होती. 1962 मध्ये नेफ्रॉप्ससाठी ही बंदी शिथिल झाली आणि 1984 च्या कायद्याने किनाऱ्यापासून 3 मैलांपर्यंतचं उरलेलं संरक्षणही काढून घेतलं. चिखलातला लहान जीव पकडायचा तर जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक लागतो, आणि बारीक आसात कॉड, हॅडॉक, व्हायटिंग या माशांची पिल्लंही येतात. एकविसावं शतक उजाडेपर्यंत क्लाइडमधली कॉड-हॅडॉकची मासेमारी जवळजवळ संपली होती. नेफ्रॉप्स मात्र टिकला. कॉड हा त्याचा मोठा भक्षक. भक्षक कमी झाल्याचा त्याला फायदाच झाला असावा. म्हणूनच ‘साठा चांगला आहे’ हे वाक्य या मासेमारीबद्दल ऐकलं की मला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो: कोणाचा साठा?

नेफ्रॉप्सचा साठा मोजणं हेही सोपं काम नव्हतं. माशाच्या कानातल्या हाडावर वर्षागणिक वलयं उमटतात, त्यावरून वय कळतं. हा प्राणी कात टाकतो, कवचावरून वय सांगता येत नाही. बोटींच्या पकडीवरही विसंबता येत नाही, कारण बिळाबाहेर कोण केव्हा येणार हे प्रकाशावर आणि ऋतूवर ठरतं. पोटाशी अंडी असलेल्या माद्या तर हिवाळाभर बहुतेक वेळ बिळातच असतात. जाळ्यापासून त्यांना मिळणारं हे नैसर्गिक संरक्षण मोलाचं आहे. 1990 च्या दशकात स्कॉटिश संशोधकांनी कॅमेरा बसवलेली घसरगाडी चिखलावरून ओढायला सुरुवात केली आणि बिळंच मोजायची पद्धत बसवली. एका बिळात एक प्रौढ प्राणी, असा हिशेब. समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद, आयसीईएस, आज अनेक चिखलपट्ट्यांसाठी याच मोजणीवरून किती पकडावं याचा सल्ला देते, आणि प्रत्येक पट्ट्याचा वेगळा. हे योग्यच आहे: मोठा झालेला नेफ्रॉप्स आपला चिखल सोडून दूर जात नाही.

जाळ्यावरचा उपाय स्वीडनमध्ये सापडला. 2004 मध्ये स्वीडनने ट्रॉलिंगची हद्द किनाऱ्यापासून आणखी बाहेर ढकलली. हद्दीच्या आत नेफ्रॉप्ससाठी ट्रॉलिंग करायचं तर जाळ्यात तिरकी जाळी बसवणं सक्तीचं झालं. तिच्या गजांमध्ये 35 मिलिमीटर अंतर असतं. नेफ्रॉप्स गजांमधून मागच्या पिशवीत जातो, मोठा मासा वर वळून भोकातून बाहेर पडतो. ही जाळी वापरणाऱ्या बोटींना समुद्रात जायच्या दिवसांच्या मर्यादेतून सूटही मिळाली. माझ्या मते ही सूटच निर्णायक ठरली, कारण माशाबरोबर मच्छीमाराचाही विचार झाला. पण बोटाएवढं कॉडचं पिल्लू त्या गजांमधूनही आत जातं, आणि चिखल ढवळला जायचा तो जातोच. त्यामुळे सापळे लावून पकडणाऱ्यांचा ट्रॉलरशी वाद स्कॉटलंडमध्येही आहे, स्वीडनमध्येही.

क्लाइडमध्ये 2001 पासून कॉडच्या अंडी घालण्याच्या दिवसांत, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, खाडीचा काही भाग मासेमारीला बंद ठेवला जाऊ लागला. त्यातून नेफ्रॉप्सच्या ट्रॉलरना सूट होती. ती सूट 2022 मध्ये काढली गेली.