एचपीव्ही हा काय फक्त बायकांचा रोग नव्हे

निपाणी-खानापूर भागात एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: एचपीव्ही (शरीरसंबंधातून पसरणारा एक विषाणू) म्हणजे गर्भाशयाच्या पिशवीचं दुखणं, पुरुषाला त्याचं काय? आणि एचआयव्हीची गोळी रोज चालू असली की बाकी कशाचीच भीती नाही.

दोन्ही चूक. एचपीव्ही पुरुषांनाही सर्रास होतो. निरोगी माणसाचं शरीर बहुतेक वेळा दोनेक वर्षांत तो हुसकावून लावतं. हे काम करणाऱ्या पेशींतल्या महत्त्वाच्या सीडी४ पेशी, आणि एचआयव्ही नेमक्या त्याच खातो. म्हणून एचआयव्ही असलेल्या पुरुषात एचपीव्ही मुक्काम ठोकतो, एकाच वेळी त्याचे अनेक प्रकारही सापडतात. ६ आणि ११ या प्रकारांनी चामखिळी येतात. १६ नंबरचा खरा घातकी, त्यातून गुदद्वाराचा, लिंगाचा, घशाचा कॅन्सर होऊ शकतो.

एचआयव्हीच्या गोळ्यांनी हा धोका कमी होतो, संपत नाही. कंडोमचंही तेच, कारण हा विषाणू कातडीला कातडी लागूनही पसरतो.

आपल्याकडची गंमत अशी, की गुदद्वाराशी कोंबड्याच्या तुऱ्यासारखं काही आलं की ‘मूळव्याध’ म्हणून गावठी मलम लावायचं, नाहीतर चामखिळीला घोड्याचा केस बांधायचा. लाजेपायी एआरटी केंद्रातही, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथंही, बोलत नाहीत. तिथं गोळ्या आणायला जाताच ना? मग तिथल्याच डॉक्टरांना दाखवा. एचपीव्हीची लस मुलग्यांनाही चालते; एचआयव्ही असल्यास शक्यतो तीन डोस. मात्र आधीच झालेला संसर्ग तिनं जात नाही.

जाता जाता: २००८ चं वैद्यकाचं नोबेल या दोन्ही विषाणूंच्या संशोधकांत वाटलं गेलं होतं.